खळीतला जॅम उतू का जातो?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी मधोमध जॅम भरलेल्या बटर कुकीज केल्या. प्रमाण होतं १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. बाजारचा मिक्स फ्रूट जॅम बरणीतून थेट भरला आणि २८ लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर १८ मिनिटं भाजल्या. कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या. मधला खळगा भरून आला. जॅम उतू जाऊन ट्रेवर करपला, जो उरला तो चिक्कीसारखा दाताला चिकटला. बऱ्या निघालेल्या चार-सहा तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या. आता शाळेच्या कार्यक्रमासाठी ६० कुकीज हव्या आहेत, अंड्याशिवाय. आणि घरात साखरांबा आहे, तो भरला तर चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, गेली सतरा वर्षं मी डोंबिवलीत घरून कुकीजच्या ऑर्डरी करते आहे. तुमच्या पाचही तक्रारी माझ्या ट्रेवर होऊन गेल्या आहेत, काही तर एकाच दिवशी. पाचांच्या मुळाशी एकच भानगड असते, ती म्हणजे पाणी. बटरमध्ये पाणी असतं, जॅममध्ये तर भरपूर असतं. ते कुठे, कधी आणि किती सुटतं एवढं सांभाळलं की काम होतं.

आधी बटर. आपल्याकडच्या टेबल बटरमध्ये नियमाप्रमाणे स्निग्धांश किमान ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असतं. हे पाणी बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धांशात अडकलेलं असतं, आणि बटर घट्ट आहे तोवरच अडकून राहतं. परदेशी पाककृतीत ‘रूम टेम्परेचरचं बटर’ लिहिलेलं असतं, पण ती रूम लंडनची किंवा स्टॉकहोमची, १८ ते २० अंशांची. ठाण्यातलं स्वयंपाकघर ऑक्टोबरात दुपारी ३२ अंशांना असतं. त्या तापमानाला बटर मऊ होत नाही, त्याचं तेल व्हायला लागतं. एकदा तेल सुटलं की आतलं पाणी मोकळं होतं, मैदा ते पिऊन चिवट होतो आणि सुटलेलं तूप ओव्हनच्या पहिल्या तीन मिनिटांत खाली वाहतं. वितळलेलं बटर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केलं तरी ते पहिल्यासारखं होत नाही. दिसायला घट्ट, स्वभावाने तूपच.

परीक्षा सोपी आहे. बटरच्या वडीवर बोट दाबा. खळगा पडला पाहिजे, पण बोट आरपार जाता कामा नये, आणि बोटाला चकाकी यायला नको. डिसेंबरात पुण्याला फ्रिजबाहेर काढल्यावर याला अर्धा-पाऊण तास लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तुकडे करून ठेवलेत तर दहा मिनिटंही पुष्कळ होतात.

खरं सांगायचं तर मार्च ते ऑक्टोबर मी बटर-साखर फेटतच नाही. सगळ्या पाककृतींत ‘फिकं आणि हलकं होईपर्यंत फेटा’ लिहिलेलं असतं. केकसाठी ते ठीक आहे. या कुकीला हवा नकोच असते. हवा भरली की ती भट्टीत फुगते, मग बसते आणि पसरते, आणि तुम्ही हौसेने पाडलेली खळी तळातून वर येते. तुमच्या कुकीजमध्ये त्यावर बेकिंग पावडरही होती, म्हणजे खळी बुजायची सोय तुम्हीच केली होती. बेकिंग पावडर काढून टाका. अजिबात लागत नाही.

साखरेचंही तसंच. बटरच्या बरोबरीने साखर घातली तर ती ओव्हनमध्ये विरघळते आणि विरघळलेली साखर म्हणजे पाकच, तो वाहणार. खुसखुशीत बटर कुकीचं जुनं प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग पीठ असं आहे. स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड याच मापावर चालतं आणि त्यात अंडं मुळातच नसतं. म्हणजे तुम्हाला ‘अंड्याऐवजी काय’ हा शोध घ्यायचाच नाही. साखर मात्र पिठीच हवी. आपल्या नेहमीच्या साखरेचा दाणा मोठा असतो, तो घातलात तर कुकी पसरते आणि वर ठिपके उमटतात. मिक्सरमध्ये फिरवून चाळून घ्या.

तर माझं माप असं: पिठीसाखर १०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, मैदा २७० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम. कॉर्नफ्लोअरमुळे मैद्याचा चिवटपणा मोडतो. व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. बटर सगळंच खारं घेतलंत तर कुकी किंचित खारट लागते, सगळंच बिनमिठाचं घेतलंत तर मिळमिळीत. मी अर्धं-अर्धं घेते आणि वेगळं मीठ घालत नाही. वाटी-चमच्याचं माप विचारू नका, देणार नाही. एकाच वाटीत मैदा दाबून भरला आणि भुरभुरला तर वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढ्या फरकाने एकतर कुकी पसरते नाहीतर भेगाळते. चारपाचशे रुपयांचा वजनकाटा घ्या.

आता कृती. मैदा, कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर एकत्र चाळा. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बटरचे बोराएवढे तुकडे करा. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात दोन वेळा करून हे सगळं टाका आणि बटण सलग न चालवता थांबून थांबून, एक-एक सेकंद फिरवा. आठ-दहा झटक्यांत बटर पिठात मुरतं आणि मिश्रण जाडसर भाजणीसारखं दिसतं. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन घातल्यावर आपण मुठीत दाबून मुटका वळतो का बघतो ना, तेच इथे करा. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर दोन तुकडे झाले, भुगा झाला नाही, की थांबा. परातीत काढा, इसेन्स घाला, तळहाताने गोळा करा. मळायचं नाही. पोळ्या मळायची सवय असलेले आपले हात इथे घात करतात, ते आपोआप रगडायला लागतात. गोळा होतच नसेल तर गार दूध घाला, एक चमचा, फार तर दोन. त्याहून जास्त लागलं तर वजनात चूक झाली आहे.

मिक्सर नको असेल तर हाताने चोळा, पण आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून पुसा. काहींचे हात मुळात गरम असतात. माझ्या जाऊबाईंच्या हाताला चकल्या अप्रतिम उतरतात, पण या पिठाला त्यांनी हात लावला की पाच मिनिटांत तूप सुटतं. त्यांना आम्ही जॅम ढवळायला बसवतो.

६०० ग्रॅम पिठाचे साधारण १६-१६ ग्रॅमचे ३६ गोळे होतात, लिंबापेक्षा लहान, जायफळाएवढे. तळहातांत गुळगुळीत वळा, कारण गोळ्यावर जी रेघ राहते तिथेच पुढे भेग पडते. आणि खळी लगेच पाडा. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी खळी, मग फ्रिज. बरेच जण गोळे गार करून मग दाबतात. गार बटर दबत नाही, फुटतं, कडेला चार भेगा पडतात आणि भाजताना जॅम नेमका त्या भेगांतून वाट काढतो. अंगठ्याने दाबलं तर तळ तिरका होतो. मी मापाच्या अर्ध्या चमच्याची गोल पाठ मैद्यात बुडवून वापरते. लाकडी डावाच्या दांड्याचं गोल टोकही चालतं. तळाला निदान अर्धा सेंटिमीटर पीठ राहू द्या. एखादी भेग पडलीच तर बोटाने चिमटून बुजवा, आत्ताच, कारण ओव्हनमध्ये ती आपण होऊन बुजत नाही.

ट्रेसह फ्रिजमध्ये ४० मिनिटं, नाहीतर फ्रीझरमध्ये १५ मिनिटं ठेवा. ट्रेवर कागद घालताना एक बघा. किराणा दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा वडापाव गुंडाळायचा पातळ कागद असतो. तो भट्टीत तपकिरी होतो आणि कुकीच्या बुडाला चिकटतो. बेकिंग पेपर असं स्पष्ट मागून घ्या.

स्वीडनमध्ये या कुकीला ‘हालोनग्रोट्टर’ म्हणतात, म्हणजे रासबेरीच्या गुहा. तिथे ती कित्येकदा इवल्याशा कागदी वाट्यांमध्येच भाजतात. पसरण्याचा प्रश्नच मिटतो, भिंत कागदाची असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थंडीतल्या लोकांना याची काय गरज, असं वाटलं होतं. पण मे महिन्यात दोन दिवस हैराण झाल्यावर चॉकलेटच्या कागदी वाट्या आणल्या आणि ऑर्डर पार पडली. ओव्हनची उष्णता सोसणाऱ्या मिनी मफिनच्या वाट्या असतात त्या घ्या. चकचकीत रंगीत, मिठाईच्या पेट्यांमधल्या वाट्या मात्र नकोत, त्या फक्त मांडणीसाठी असतात.

आता जॅम. तुमचं खरं दुखणं इथे आहे.

नियमाप्रमाणे बाजारच्या जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असतात. उरलेलं जवळपास ३५ टक्के पाणी. पावाला लावायला ते उत्तम. पण अर्धा चमचा जॅम १८० अंशांच्या भट्टीत १८ मिनिटं ठेवला की तो चक्क उकळतो. बुडबुडे त्याला वर उचलतात, तो काठावरून उतरतो, गरम पत्र्याला लागतो आणि तिथे पाणी उडून साखर करपते. जो खळीत राहतो त्याचंही वरून पाणी उडत राहतं आणि त्याची चिक्की होते. उतू जाणं आणि चिकट होणं या तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या, पण पहिली सुरुवातीच्या मिनिटांची आहे आणि दुसरी शेवटच्या मिनिटांची.

उपायही म्हणून दोन भागांत आहे. जॅम आधी थोडा आटवायचा, आणि ओव्हनमध्ये उशिरा पाठवायचा.

आटवायचा किती, हे ‘घट्ट होईपर्यंत’ असं सांगून भागत नाही. कारण गरम जॅम पातळच दिसतो. घट्ट दिसायला लागेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर त्याची गोळी होते. मी वजनाने करते. जाड बुडाचं छोटं पातेलं काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहून ठेवायचं. त्यात २०० ग्रॅम जॅम आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस घालायचा. लिंबाचं पाणी तर उडून जाणारच आहे, पण बाजारच्या जॅमची एकसुरी गोडी त्याने मोडते. मध्यम आचेवर ढवळत राहायचं, चार-पाच मिनिटांनी पातेलं उचलून काट्यावर ठेवायचं. आतला ऐवज १७५ ग्रॅमच्या जरा खाली आला की आच बंद. हिशेब साधा आहे: २०० ग्रॅममध्ये घन पदार्थ १३०, ते १७३ ग्रॅममध्ये राहिले म्हणजे ७५ टक्के झाले. १६५ च्या खाली नेऊ नका, तिथून पुढे टॉफीचा प्रदेश सुरू होतो. साखरेचा थर्मामीटर असेल तर १०७-१०८ अंश, पण एवढ्या थोड्या जॅममध्ये त्याचं टोक नीट बुडतच नाही, म्हणून काटाच बरा.

काट्यावर विश्वास नसेल तर आईची पद्धत आहेच. ताटली फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोट फिरवा. मध्ये रेघ राहिली आणि कडा सुरकुतली म्हणजे झालं.

भाजण्याची रीत अशी. ओटीजी दोन्ही कॉइल लावून १७० अंशांवर निदान १५ मिनिटं तापवा. आणि तबकडीवरच्या आकड्यावर जाऊ नका. माझा पहिला ओटीजी १७० ला ठेवला की आत १९० असायचा. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होते. ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं. ट्रे मधल्या खणात. गार कुकीज रिकाम्याच, जॅम न घालता, दहा मिनिटं भाजा. बाहेर काढा. खळी थोडी वर आलेली असेल, त्याच चमच्याच्या पाठीने हलकेच पुन्हा दाबा. आता पीठ मऊ पण धरून राहिलेलं असतं, म्हणून फुटत नाही. आटवलेला जॅम कोमट करून प्रत्येकीत अर्धा छोटा चमचा भरा, काठाच्या जरा खालीच ठेवा. चार ग्रॅमच्या वर जाऊ नका, हात ढिला सोडायची जागा ही नव्हे. ट्रेची मागची बाजू पुढे करून परत आत, पाच ते सहा मिनिटं. एवढ्यात जॅम एकदाच खदखदतो, त्याचा वरचा पापुद्रा धरतो आणि काचेसारखी चमक येते. फार झालं तर बारीक बुडबुडे दिसतील, पण उतू जायला वेळच उरत नाही.

झाली कधी म्हणायची? वरून बघू नका, वरून ती फिकटच असते. उलथन्याने एक उचलून बूड बघा. कडेला बिस्किटी रंगाची कड आणि मध्ये फिकट, की काढा. हाताला मऊ लागेल. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. वरून लाल होईपर्यंत थांबणारे सगळे शेवटी कडक कुकी खातात. माझ्या एका ताई-ग्राहकांना कुकीज ‘कच्च्या’ वाटायच्या. त्यांच्यासाठी मी दोन मिनिटं जास्त भाजते, दुसरं काय करणार.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १६० ठेवा, पंख्यामुळे लवकर भाजतं. कढईत मीठ तापवून नानकटाई करतात तशी ही करता येईल का, हाही प्रश्न मला नेहमी येतो. येते, पण उष्णता खालून असते. बूड करपायच्या आत जॅमचा पापुद्रा धरत नाही. तिथे कुकी पूर्ण भाजून, काढल्याबरोबर गरम जॅम भरावा.

तिसऱ्या दिवशी मऊ का पडल्या, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. कोरडी कुकी आणि ओला जॅम एकाच डब्यात शेजारी राहिले की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातं. डबा कितीही घट्ट असो, चोर आतच आहे. माझ्या धंद्याच्या पहिल्याच नाताळात ४० पेट्यांची ऑर्डर होती. रात्री दोनला भाजून झालं, कुकीज कोमट होत्या आणि मी पेट्या बंद करून झोपले. सकाळी झाकण उघडलं तर आतून घाम आलेला, आणि कुकी चहात बुडवून काढलेल्या खारीसारखी. सगळ्या पुन्हा केल्या, पहिल्या महिनाभर घरीच खाल्ल्या. मुलगा अजून जॅमची कुकी म्हटलं की तोंड फिरवतो.

त्यामुळे पूर्ण गार होईपर्यंत, निदान दीड तास, जाळीवरच ठेवा. पावसाळ्यात मात्र तेवढंही नको, खोली दमट असते, तासाभरात डब्यात भरा. स्टीलच्या डब्यात थरांमध्ये कागद घाला. आटवलेल्या जॅमच्या कुकीज माझ्याकडे चार दिवस खुसखुशीत राहतात, पाचव्या दिवसापासून मध्यभाग मऊ व्हायला लागतो. त्याहून जास्त टिकवायच्या तर रिकाम्या भाजून ठेवा, त्या तीन आठवडे छान राहतात, आणि आदल्या दिवशी भरा. तेव्हा एक युक्ती करता येते: वितळलेलं पांढरं चॉकलेट ब्रशने खळीत पातळ फिरवायचं आणि सुकल्यावर जॅम भरायचा. स्निग्ध थरातून पाणी सहसा जात नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर परदेशी पाठवणाऱ्यांना मी हेच सांगते, किंवा खरं तर जॅमची कुकी पाठवूच नका असं सांगते, चिरोटे पाठवा.

मऊपणाला सगळीकडे दोष मानत नाहीत, हेही सांगते. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराचा लिंझर टोर्ट प्रसिद्ध आहे, त्याची पाककृती १६५३ च्या एका हस्तलिखितात सापडते. त्याच चवीच्या दोन चकत्यांमध्ये जॅम भरून, वरच्या चकतीला भोक पाडून केलेल्या लिंझर कुकीज तिकडे नाताळात घरोघर होतात. त्या भरल्यावर एक-दोन दिवस मुरू देतात, मगच खातात. पिठात बदाम किंवा हेझलनटची पूड असते, त्यामुळे मऊ पडली तरी ती पिठूळ लागत नाही. आणि जॅम असतो आंबट, लाल करंट नावाच्या इवल्याशा फळाचा. हा आंबटपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. लोण्यासमोर आंबटच हवं. नुसत्या गोडाची कुकी दोनच्या पुढे खाववत नाही. तुम्ही मात्र शाळेसाठी करताय, तेव्हा बदामपूड टाळा. कुठल्या मुलाला चालत नसेल ते आपल्याला माहीत नसतं.

आंबटपणासाठी जॅम घरी करणार असाल तर डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मिळते. पण स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम धरून ठेवणारा फळातला घटक, कमी असतो, म्हणून जॅम ओघळतो. तिच्यात पाव हिस्सा पेरूचा गर घाला. पेरूत पेक्टिन भरपूर असतं आणि स्ट्रॉबेरीपुढे त्याचा वास दबतो. ‘शुगर फ्री’ किंवा कमी साखरेचे जॅम या कामाला घेऊ नका, त्यात पाणी आणखी जास्त असतं.

आणि भरण्यासाठी सगळ्यांत बिनधास्त काय, तर गोव्याचं पेराद. पेरूचा गर आणि साखर कढईत बाजू सोडेपर्यंत आटवून, थाळीत थापून वड्या पाडतात, नाताळच्या कुसवारात, म्हणजे तिकडच्या फराळात, हमखास असते ती लालसर वडी. तिला आटवायचं काम करणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. चण्यापेक्षा मोठा तुकडा घ्यायचा, बोटांत गोल करायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी खळीत ठेवायचा. तो मऊ होऊन खळीत बसतो, वाहत नाही, उतू जात नाही. चावताना थोडा प्रतिकार करतो आणि मग विरघळतो. पणजीहून येणाऱ्या प्रत्येकाला मी पेराद आणायला सांगते. घरचे आता काजू मागायचे विसरले आहेत.

तुमच्या साखरांब्याचं असं आहे. फोडींचा असेल तर पाक वेगळा गाळा. फोडी सुरीने अगदी बारीक चिरा. पाक एकटाच आटवा, चिमटीत धरल्यावर पक्की एक तार येईपर्यंत, मग फोडी परत घाला आणि एक उकळी द्या. किसाचा साखरांबा असेल तर आणखी सोपं, तो तसाच कढईत चार मिनिटं परता. अख्ख्या फोडी भरू नका, त्या खळीतून डोकं वर काढतात आणि वरच्या कॉइलजवळ काळ्या पडतात. साखरांब्याबरोबर पिठात व्हॅनिला नको, वेलदोड्याची पूड घाला. गुळांबा मी करून बघितला आहे. गूळ लवकर करपतो, तो भाजून झाल्यावरच भरायचा. आंबापोळीचे तुकडे भाजले की चामड्यासारखे होतात, त्या वाटेला जाऊ नका.

घरचं लोणी वापरायचं असेल तर ताकाचा अंश राहतो, त्यात पाणी किती हे कुणीच सांगू शकत नाही. बर्फाच्या पाण्यात तीन वेळा धुऊन, पिळून, फडक्यावर टिपून घ्या आणि तरी बाजारच्या बटरसारखा नेमका निकाल धरू नका. तुपात केलीत तर कुकी होणार नाही, नानकटाई होईल. तीही छानच. आमच्या लहानपणी मिरजेला दिवाळीच्या आधी आई पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत पाठवायची. भट्टीवाल्या काकांच्या ट्रेवर खडूने आमचं आडनाव लिहिलेलं असायचं आणि घरी येईपर्यंत वरच्या थरातल्या दोन-चार कमी झालेल्या असायच्या. त्या नानकटाईच्या मधोमध बोटाने दाबलेला खळगा असे, त्यात एक चारोळी. जॅमची खळी पाडताना मला दर वेळी ती चारोळी आठवते.

आता तुमच्या ६० चं बघू. वरच्या मापाचे दोन घाणे करा, ७२ होतील. मोडक्या, तिरक्या, घरच्यांनी उचललेल्या वजा जाता ६० उरतात. दोन्ही घाण्यांचं पीठ एकदम करू नका, मिक्सर तापतो आणि बटर त्याच्याबरोबर. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी गोळे वळून, खळी पाडून फ्रीझ करा, कडक झाले की पिशवीत भरा, महिनाभर राहतात. आदल्या दिवशी संध्याकाळी थेट फ्रीझरमधून ट्रेवर, जॅमशिवायचा पहिला टप्पा दहाऐवजी बारा मिनिटं. दोन सेंटिमीटर अंतर सोडलंत तर २८ लिटरच्या ट्रेवर बारा मावतात, म्हणजे सहा वेळा ओव्हन लावायचा, दोन-सव्वादोन तास धरा. ट्रे दोन असू द्या. गरम ट्रेवर पुढच्या कुकीज ठेवल्यात तर ओव्हनमध्ये जायच्या आधीच बूड वितळतं. एकच ट्रे असेल तर मागून नळाखाली गार करून, कोरडा पुसून घ्या. चौथ्या ट्रेनंतर ओटीजी आतून चांगलाच तापलेला असतो, तेव्हा शेवटच्या दोन ट्रेंना दुसऱ्या टप्प्यात चार मिनिटांनीच बूड बघा, आणि त्या चार मिनिटांत फोन घेऊ नका.